कृषी पदवी : पदांच्या यादीआधी कामाची ओळख द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालाचे दिवस आले की वर्तमानपत्रांच्या करिअर पानावर कृषी पदवीविषयी एखादा लेख हमखास येतो. त्यात पदांची यादी असते : कृषी अधिकारी, बियाणे कंपनीतला क्षेत्र प्रतिनिधी, बँकेतला शेतीकर्ज अधिकारी, संशोधक, प्राध्यापक. यादी चुकीची नसते. पण या पदांवरच्या माणसाला दिवसभर हाताने काय करावे लागते, कशाकडे बघावे लागते, वहीत काय टिपावे लागते, याचा त्यात पत्ता नसतो. मग मुलगा किंवा मुलगी प्रवेश घेते, दुसऱ्या वर्षापर्यंत प्रात्यक्षिकांना कंटाळते, पाठ्यपुस्तकावर पास होते आणि मुलाखतीत ‘मातीचा नमुना कसा घ्याल?’ या पहिल्याच प्रश्नाला अडखळते. कृषी अभ्यासक्रम शिकवणारे म्हणून आमचे म्हणणे एकच आहे. या शाखेत पुढची वाट पदवीच्या नावावर फारशी ठरत नाही; चार वर्षांत कोणते काम हातात बसले, यावर ती ठरते. ती कामे कोणती, हे वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

ही पदवी बहुतेक ठिकाणी चार वर्षांची असते, काही देशांत तीन. सुरुवातीला रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र असे पायाचे विषय. मग मृदाशास्त्र, कृषिविद्या (पिके घेण्याचे शास्त्र), वनस्पती पैदास, कीटकशास्त्र, रोगशास्त्र, उद्यानविद्या, सिंचन, कृषी अर्थशास्त्र आणि विस्तार शिक्षण, म्हणजे शास्त्रीय माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचा विषय. घरी शेती असलीच पाहिजे, असे मुळीच नाही. शेतकऱ्याच्या घरच्या मुलाला पीक ओळखीचे असते, हा फायदा खरा. पण मोजून, नोंदवून, पडताळून बघण्याची सवय घरी शेती असलेल्या आणि नसलेल्या दोघांनाही नव्यानेच लावून घ्यावी लागते. ज्याला उन्हात उभे राहून तीनशे रोपांवरचे किडे न कंटाळता मोजता येतात, त्याला ही शाखा मानवते.

मातीपासून सुरुवात करू. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण २२ लाख किलोंचा भरतो. सेंद्रिय कर्ब (मातीतल्या सेंद्रिय पदार्थातला कार्बन) मोजायला प्रयोगशाळेत त्यातली जेमतेम १ ग्रॅम माती घेतात. त्या एका ग्रॅमने २२ लाख किलोंच्या वतीने बोलायचे असते, म्हणून नमुना चुकला तर पुढचे लाखमोलाचे यंत्रही चुकीचाच आकडा अचूकपणे देते. शेतात रंग, उतार, पोत किंवा आधीचे पीक वेगळे असेल तर त्या भागाचा नमुना वेगळा. प्रत्येक भागात नागमोडी चालत १५ ते २० जागा निवडायच्या. वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या एका बाजूची दोन सेंटिमीटर जाडीची चकती वरपासून तळापर्यंत सारखी तासून घ्यायची. वरून जाड आणि खाली निमुळती चकती घेतली की वरच्या थराची माती जास्त येते. कर्ब आणि स्फुरद (फॉस्फरस) दोन्ही फुगून दिसतात. बांधालगत, झाडाखाली, शेणखताचा ढीग असलेल्या जागी, नुकतेच खत पेरलेल्या ओळीत नमुना घ्यायचा नाही. गोळा केलेली माती मिसळून गोलाकार पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेली पुन्हा मिसळायची. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. जस्त, लोह अशी सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि गंजलेले खुरपे चालत नाही, प्लास्टिकचे घमेले घ्यावे लागते. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, कारण ओल्या मातीत शाई फुटते. माती सावलीत वाळवायची आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची. फळबागेसाठी मात्र ३० सेंटिमीटरचे थर वेगवेगळे घ्यावे लागतात, कारण मुळे खोलवर असतात.

प्रयोगशाळेतली गोष्ट याहून नाजूक. वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ सालची पद्धत आजही जगभर वापरली जाते : मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालून अर्धा तास ठेवायचे आणि उरलेले डायक्रोमेट मोजायचे. अर्ध्या तासात द्रावण नारिंगीऐवजी हिरवे झाले असेल, तर डायक्रोमेट संपले असे समजून कमी माती घेऊन पुन्हा सुरुवात करायची. घाईत असलेला विद्यार्थी तेच हिरवे द्रावण पुढे नेतो आणि कर्ब कमी नोंदवतो. या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कर्ब हाती लागतो, म्हणून उत्तराला १.३ ने गुणायचे असते. हेही निम्म्या वह्यांत विसरलेले सापडते. स्फुरदाचे तसेच. उदासीन आणि विम्लधर्मी (अल्कधर्मी) जमिनीला ऑल्सेनची पद्धत, आम्लधर्मी जमिनीला ब्रेची. उलटी वापरली तर आकडा येतो, पण त्यावरून दिलेली शिफारस पिकाच्या उपयोगाची राहत नाही.

मग शिफारशीचे गणित. समजा पिकाला हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन) आणि ६० किलो स्फुरद द्यायचे आहे आणि हाताशी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) व युरिया ही खते आहेत. डीएपीत स्फुरद ४६ टक्के, म्हणून १३० किलो डीएपी लागले. पण त्यातून १८ टक्क्यांनी साडेतेवीस किलो नत्रही आले. उरले साडेशहात्तर, युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे १६६ किलो युरिया. जो डीएपीतले नत्र वजा करायला विसरतो तो २१७ किलो युरिया लिहून मोकळा होतो. पीक हिरवेगार, लुसलुशीत होते, मावा-तुडतुडे वाढतात, तृणधान्य असेल तर दाणे भरायच्या वेळी लोळते. कागदावरची वजाबाकी चुकली की शेतात त्याचे हे रूप होते. ज्याला हे काम मनापासून जमते त्याला माती-पाणी-पान तपासणीच्या प्रयोगशाळा, खत कंपन्यांचे कृषितज्ज्ञ, सल्लागार संस्था, स्वतःची तपासणी प्रयोगशाळा असे मार्ग खुले असतात. अलीकडे जमिनीतला कर्ब मोजण्याच्या प्रकल्पांतही माणसे लागतात. तिथे टक्केवारी पुरत नाही, मातीची घनता लागते : कर्ब ०.६ टक्के, घनता घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम आणि खोली ३० सेंटिमीटर असेल तर हेक्टरी २३.४ टन. घनता मोजायला ठरावीक आकारमानाची धातूची कडी माती दबू न देता, न हलवता मातीत उतरवावी लागते, आणि हे पुस्तकातून शिकता येत नाही. जमिनीतल्या कर्बाच्या कामासाठी मृदाशास्त्रज्ञ रतन लाल यांना २०२० चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

बियाण्याचे क्षेत्र नोकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठ्या क्षेत्रांपैकी एक आहे आणि तिथेही पहिली कसोटी हाताची. उगवणक्षमतेच्या चाचणीसाठी ४०० बिया लागतात, शंभर-शंभरच्या चार गटांत. बिया निवडून घ्यायच्या नाहीत. शुद्ध बियाण्यातून जशा येतील तशा मोजायच्या. ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवायच्या आणि ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या दिवशी मोजायच्या. गव्हाची पहिली मोजणी चौथ्या दिवशी, शेवटची आठव्या. भाताची पाचव्या आणि चौदाव्या. इथे सर्वांत जास्त चूक होते ती पाणी घालताना. बोटाने दाबल्यावर बोटाभोवती पाण्याचे कडे उमटले तर कागद जास्त ओला आहे. बीला हवा मिळत नाही, ते कुजते, आणि चांगल्या बियाण्यावर नापासाचा शिक्का बसतो. दुसरी चूक म्हणजे कोंब दिसला की उगवले असे धरणे. मूळ खुंटलेले, कोंब पिळवटलेले, शेंडा नसलेले रोप ‘अपसामान्य’ गटात जाते. टक्केवारीत फक्त सामान्य रोपे धरायची. काही बिया फुगलेल्या, ताज्या, पण न उगवलेल्या राहतात. त्या मेलेल्या नसून सुप्तावस्थेत असू शकतात. त्या कापून टेट्राझोलियमच्या द्रावणात ठेवल्या की जिवंत पेशी लाल होतात. गर्भाचा कोणता भाग लाल झाला आणि कोणता पांढरा राहिला, हे वाचणारा माणूस बियाणे प्रयोगशाळेत सोन्यासारखा असतो. या चाचण्यांचे नियम आंतरराष्ट्रीय बियाणे परीक्षण संघटना ठरवते, तिची स्थापना १९२४ ची. त्या नियमांनी काम करणारी व्यक्ती कोणत्याही देशातल्या प्रयोगशाळेत उभी राहू शकते.

प्रयोगशाळेबाहेर बीजोत्पादन आहे. परका पराग येऊ नये म्हणून प्लॉटच्या भोवती विलगीकरण अंतर राखायचे, फुलोऱ्याआधी भेसळीची झाडे उपटायची, नर-मादी ओळी एकाच वेळी फुलतील अशा तारखा साधायच्या. भेसळीचे झाड फुलल्यावर उपटले तर उपयोग नाही, पराग तोवर पसरलेला असतो. फुलोऱ्याच्या या आठ-दहा दिवसांत प्लॉटवर माणूस हजर नसेल तर अख्खा हंगाम वाया जातो. सुट्ट्या, सण, घरचे कार्य यांचा हिशेब फुलोरा करत नाही. हे आधीच ठाऊक असलेले बरे.

वनस्पती पैदास हे धीराचे काम. स्वपरागित पिकात संकर केल्यावर दर पिढीला भिन्नयुग्मता (जनुकाच्या जोडीतल्या दोन प्रती वेगळ्या असणे) निम्मी होते, म्हणून सहाव्या पिढीत ती सुमारे तीन टक्क्यांवर येते आणि वाण स्थिर मानता येतो. त्यापुढे अनेक ठिकाणच्या, अनेक हंगामांच्या चाचण्या. आठ ते बारा वर्षे सहज जातात. आता कृत्रिम प्रकाशात दिवस २२ तासांचा करून वसंत गव्हाच्या (वसंतात पेरल्या जाणाऱ्या गव्हाच्या) वर्षाला सहा पिढ्याही घेता येतात, पण निवड करणारी नजर तीच लागते. हरितक्रांतीशी नाव जोडले गेलेले नॉर्मन बोरलॉग यांची पीएच.डी. रोगशास्त्रातली होती. १९४४ साली ते मेक्सिकोत गेले ते गव्हाच्या तांबेरा रोगाशी झुंजायला. उन्हाळ्यात थंड डोंगराळ भागात आणि हिवाळ्यात उष्ण सखल भागात पेरून त्यांनी वर्षाला दोन पिढ्या घेतल्या, आणि त्यातून दिवसाच्या लांबीला न जुमानणारे वाण मिळाले. १९७० साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. बार्बरा मॅक्लिंटॉक यांची पदवी कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयाची, १९२३ ची. मक्याच्या दाण्यावरचे रंगीत ठिपके बघत त्या जागा बदलणाऱ्या जनुकांपर्यंत पोहोचल्या आणि १९८३ साली नोबेलच्या मानकरी ठरल्या. कृषी पदवीला दुय्यम मानणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी अडचण शेतातला प्रयोग आणि त्यामागचे संख्याशास्त्र ही आहे, आणि आमच्या मते सर्वांत मोठी संधीही तिथेच आहे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथे १८४३ पासून गव्हाचा एक प्रयोग आजवर अखंड चालू आहे. तिथेच १९१९ पासून रोनाल्ड फिशर यांनी शेतप्रयोगांच्या आकडेवारीचे शास्त्र बांधले : पुनरावृत्ती, यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारखी) मांडणी आणि स्थानिक नियंत्रण, म्हणजे सारख्या जमिनीचे वाफे एका गटात ठेवणे. याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. शेताची सुपीकता उताराच्या दिशेने बदलत असेल तर गट त्या बदलाला आडवे आखायचे, म्हणजे एका गटातल्या सगळ्या वाफ्यांची जमीन शक्य तितकी सारखी राहते. विद्यार्थी सोयीसाठी गट पाटाच्या कडेने आखतात आणि वाणाचा फरक जमिनीच्या फरकात बुडतो. पाच उपचार (तुलना करायचे वाण, खते किंवा औषधे) तपासायचे असतील तर चार पुनरावृत्त्या घ्यायच्या, म्हणजे त्रुटी अजमावायला बारा स्वातंत्र्यांश (स्वतंत्र तुलना) मिळतात. त्याहून कमी झाले तर खरा फरकही सिद्ध होणे अवघड जाते. वाफ्याच्या कडेच्या ओळींना ऊन आणि अन्न जास्त मिळते, म्हणून त्या वगळून आतल्या निव्वळ वाफ्याचेच उत्पादन मोजायचे. निव्वळ वाफा ४ बाय ३ मीटरचा असेल तर वजनातली १०० ग्रॅमची चूक हेक्टरी ८३ किलोंची होते. दाण्यातला ओलावा न मोजता वजन लिहिले तर त्याहून मोठी. हे ज्याला येते त्याला बियाणे, खत आणि कीटकनाशक कंपन्यांच्या चाचणी विभागात, संशोधन केंद्रांत, उपग्रह छायाचित्रांवरून पिकाचा अंदाज बांधणाऱ्या संस्थांत मागणी असते. संगणकावर प्रतिमा वाचणारे पुष्कळ मिळतात. त्या प्रतिमेतला पिवळा डाग शेतात जाऊन ओळखणारे कमी असतात.

पीकसंरक्षणात ओळखणे हेच खरे काम. पान पिवळे पडले म्हणजे नत्र कमी, असे उत्तर परीक्षेत चालते, शेतात चालत नाही. पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला तर नत्र, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला देते. कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह. कोवळे पान सगळेच फिकट तर गंधक. जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा तर मॅग्नेशियम. यांपैकी काहीच जुळत नसेल तर रोप उपटून मुळे बघा : पाणी साचून गुदमरलेली आहेत, की सूत्रकृमींच्या गाठींनी भरली आहेत? मर (रोप सुकून मरणे) दिसली तर खोड उभे चिरायचे. आत तपकिरी रेघ दिसली तर बुरशीजन्य मर असण्याची शक्यता. खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरल्यावर पांढुरके धागे खाली उतरले तर जीवाणू. दुपारी सुकून रात्री सावरत असेल तर आधी पाण्याचा ताण तपासा. पाच मिनिटांच्या या तपासणीने नको असलेली फवारणी टळते.

फवारणीतही तपशीलच महत्त्वाचा. १८८५ पासून वापरात असलेले बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक अजून अनेक जण बिघडवतात. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चांगला कळीचा चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवायचे, मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतायचे आणि काडीने सतत ढवळायचे. मग घासलेला लोखंडी खिळा किंवा चाकू मिनिटभर बुडवायचा. त्यावर तांबूस थर चढला तर तांबे मोकळे आहे, पाने करपतील. चुन्याची निवळी आणखी घालायची. चुना जुना, हवेत विरलेला असेल तर एक किलो पुरत नाही, आणि चूक बहुतेक वेळा इथेच असते. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. पंपाचेही मोजमाप असते : नोझलमधून मिनिटाला ०.६ लिटर, चालण्याचा वेग ताशी ३ किलोमीटर आणि पट्टा ०.६ मीटर असेल तर हेक्टरी २०० लिटर पाणी पडते. वेग वाढला की औषध कमी पडते आणि दोष मात्र औषधाला दिला जातो. ड्रोन चालवणाऱ्यालाही हाच हिशेब करावा लागतो.

या क्षेत्रातल्या नोकरीविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पदवीनंतर लगेच मिळणाऱ्या नोकऱ्यांत विक्रीच्या नोकऱ्या खूप असतात. त्यात प्रवास भरपूर, महिन्याचे उद्दिष्ट डोक्यावर, आणि सल्ला देणारा व माल विकणारा एकच. शेतकऱ्याच्या पिकाला औषधाची गरज नसताना ‘आज फवारू नका’ म्हणण्याची ताकद ज्याच्यात असते त्याच्याकडे लोक वर्षानुवर्षे येतात. पण पहिल्या वर्षाच्या उद्दिष्टात ते मोजले जात नाही. पालकांनी आणि मुलांनी हा ताण जाणूनच ती वाट धरावी. दोन-तीन वर्षे तिथे काढून पिके, किडी आणि बाजार यांची ओळख करून घेणे आणि मग सल्ला, गुणवत्ता नियंत्रण किंवा स्वतःचा व्यवसाय याकडे वळणे, हा मार्ग अनेकांना मानवतो.

सिंचनाबद्दल इतकेच की एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर, हे सूत्र ज्याच्या जिभेवर असते त्याचे निम्मे काम झालेले असते. काढणीनंतरच्या क्षेत्राकडे मात्र मुले फार कमी वळतात, याचे आम्हाला वाईट वाटते. केळी १३ अंशांखाली ठेवली की सालीखालचा भाग काळपटतो आणि ती नीट पिकत नाहीत. शीतगृहाचा तापमापक दारापाशी लावला असेल तर आतल्या कोपऱ्यात काय चालले आहे ते कळत नाही. भुईमूग ओलसर साठवला की अ‍ॅस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते, ते भाजूनही पूर्ण जात नाही. निर्यातीच्या मालाची खेप यावर अडते. प्रतवारी, शीतसाखळी, अन्नसुरक्षा तपासणी, सेंद्रिय व उत्तम शेतीपद्धतींचे प्रमाणीकरण या सर्व ठिकाणी शेत आणि प्रयोगशाळा दोन्ही कळणारा माणूस लागतो.

बँक आणि विमा क्षेत्रातही कृषी पदवीधर लागतात. तिथे पीक कापणी प्रयोग, म्हणजे शेतातल्या ठरावीक चौकोनातले पीक कापून उत्पादन काढणे, समजणे आवश्यक. शेत आणि शेतातला चौकोन यादृच्छिक अंकांनी ठरवायचा, डोळ्याला बरा वाटला म्हणून नाही. चौकोन ५ बाय ५ मीटरचा असेल तर उत्पादनाला ४०० ने गुणून हेक्टरी आकडा मिळतो, म्हणजे २५० ग्रॅमची चूक हेक्टरी एक क्विंटल. दोरी सैल पडली, कोपरा काटकोनात आला नाही, तर कुणाची तरी भरपाई हुकते.

विस्तार शिक्षणाला मुले हलके मानतात. ते सर्वांत अवघड आहे. अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी १९०६ साली अमेरिकेतल्या टस्कीगी येथून अवजारे आणि बियाणी भरलेली गाडी गावोगाव पाठवायला सुरुवात केली, कारण व्याख्यानापेक्षा शेतावर करून दाखवलेले पटते. आजही प्रात्यक्षिक प्लॉट लावताना शेजारी शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीचा प्लॉट ठेवला नाही तर तुलनाच होत नाही. आणि शेतकऱ्याने सांगितलेले कारण आधी पूर्ण ऐकून घ्यायचे : तो वाण का लावत नाही याचे उत्तर पुष्कळदा उत्पादनात नसते, चाऱ्यात, मजुरीत किंवा काढणीच्या तारखेत असते.

आता प्रवेश घेणाऱ्यांसाठी. महाविद्यालय बघायला जाल तेव्हा इमारतीआधी शेत बघा. प्रत्येक विद्यार्थ्याला पेरणीपासून काढणीपर्यंत स्वतःचा वाफा मिळतो का, की वीस जणांत एक? प्रयोगशाळेतला तराजू चालू आहे का, डायक्रोमेटची बाटली उघडलेली आहे का? वरच्या वर्गातल्या एखाद्याची प्रात्यक्षिक वही मागा. सगळ्यांच्या वहीत तेच आकडे असतील तर तिथे मोजणी होत नाही, उतरवणी होते. कीटकसंग्रह बघा. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखकवचातून टोचलेली असते, ढेकणाच्या कुळातल्या किडीला पाठीवरच्या त्रिकोणातून, फुलपाखराला छातीच्या मधोमध. संग्रहात सगळ्यांच्या टाचण्या मधोमध असतील तर तो विकत आणलेला किंवा घाईत केलेला आहे. स्वतः पकडून, मारून, पसरवून, चिठ्ठीवर तारीख, जागा आणि यजमान पीक लिहिलेल्या पन्नास किडी चार वर्षांनंतरही डोळ्यांना आठवतात.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आमचा विरोध नाही. पण तिसऱ्या वर्षापासून वर्ग आणि शेत दोन्ही सोडून अभ्यासिकेत बसणाऱ्याच्या हातात, परीक्षा हुकली तर, पदवीचा कागदच उरतो. दोन्ही चालवायचे असेल तर किमान एका पिकाचा एक पूर्ण हंगाम स्वतः करावा : पेरणीची तारीख, उगवण, दर आठवड्याची कीड-रोग मोजणी, पावसाची नोंद, खर्चाचा तक्ता, उत्पादन, ओलावा. ती एक वही कोणत्याही मुलाखतीत दाखवता येते. पदव्युत्तर शिक्षणाचा विषय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर जो मिळेल तो घेण्याआधी त्या विषयाच्या प्राध्यापकाकडे सुट्टीत महिनाभर काम करून बघावे. सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघवत नसेल तर रोगशास्त्र त्रासाचे ठरते, आणि हे प्रवेशाआधी कळलेले बरे.

आपल्या करिअर पानावर पुढच्या वेळी कृषी पदवीविषयी लेख छापताना पदांच्या यादीसोबत एखाद्या बियाणे प्रयोगशाळेतल्या, शीतगृहातल्या किंवा शेतप्रयोगावरच्या कामाचे एका दिवसाचे वर्णन द्यावे, ही विनंती. दर आठवड्याला एक काम घेतले तर हंगाम संपेपर्यंत दहा-बारा कामांची ओळख सहज होईल. त्यासाठी लागणारी तांत्रिक माहिती तपासून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
कृषी अभ्यासक्रमाचे काही प्राध्यापक